गुरुवारी उपास करणारा झरा

माझी फसवणूक झाली ती पाण्यावरून झाली, आणि जिने ती केली ती बाई रोज सकाळी माझ्यासाठी गवती चहाची पात घातलेला बिनदुधाचा चहा घेऊन यायची. मला दूध चालत नाही हे तिने पहिल्याच दिवशी लक्षात ठेवलं होतं. फसवायचंच होतं तर निदान चहा तरी वाईट करायचा. तो चहा आठवला की मला आधी राग येतो, बाकीचं सगळं नंतर येतं.

मी हार्प वाजवते. हे वाक्य बोललं की पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात. परीकथेतल्या पऱ्यांच्या हातात असते तीच का? आणि, ती पुण्यात मिळते कुठे? पऱ्यांचं मला माहीत नाही. माझी हार्प मला भूगावच्या आमच्या सोसायटीतच मिळाली. एक परदेशी बाई नवऱ्याच्या नोकरीमुळे तिथे राहत होती, तिच्याकडे मी चार वर्षं शिकले. परत जायची वेळ आली तेव्हा हार्प विमानातून धड पोचेल याची तिला खात्री वाटेना. ती म्हणाली, तूच ठेव. चौतीस तारा, माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची, लाल तार म्हणजे सा आणि निळी म्हणजे म. तिला जागा करायची म्हणून आम्ही जेवणाचं टेबल देऊन टाकलं आणि तेव्हापासून खाली बसून जेवतो. नवऱ्याने याबद्दल आजवर एकदाच तक्रार केली आहे, तीही गुडघा सुजलेला असताना.

बरीच वर्षं मी मोठ्या हॉटेलांत वाजवत होते. लोक ताटं घेऊन रांगेत उभे असतात, मी कोपऱ्यात जुन्या सिनेमाची गाणी वाजवते आणि मध्येच कुणीतरी येऊन मला विचारतं, टिश्यू पेपर कुठे आहेत? एकदा एका लग्नात माझ्या हार्पवर कुणीतरी शाल वाळत घातली होती. पंचेचाळिशी उलटली तेव्हा मला स्वतःचं असं एक तरी काम करावंसं वाटायला लागलं. ते पाण्यावर असणार हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून मला पाणी ऐकायची खोड आहे. पावसाळ्यात भाताच्या खाचरांतून पाणी वरच्या बांधावरून खालच्यात उतरतं, त्याचा आवाज प्रत्येक बांधाला वेगळा असतो. हे मी लोकांना सांगते तेव्हा ते मान डोलावतात आणि मोबाइल बघतात.

मला एक पाणी हवं होतं, रोज भेटेल असं, ज्याच्यासोबत बसून हार्प वाजवता येईल. ताम्हिणीचे धबधबे माझ्या कामाचे नव्हते. ते पावसाळ्यात ओरडतात, त्यांच्यापेक्षा जास्त माणसं ओरडतात, आणि दिवाळीनंतर खडकावर नुसते पांढरे ओघळ उरतात. मला बारीक, एकटं, उन्हाळ्यातही टिकणारं पाणी हवं होतं. त्या शोधात मी मुळशीत, धरणाच्या काठच्या गावात, एक खोली भाड्याने घेतली. तिथे खोल्या शनिवार-रविवारसाठी मागतात. मला सोमवार ते शुक्रवार हवी होती, कारण सुट्टीच्या दिवशी वरच्या रिसॉर्टमधून इतका दणदणाट येतो की भिंतीवरची पाल खाली पडेल. मावशींना माझी मागणी विचित्र वाटली, पण त्यांनी खोली दिली. मावशी म्हणजे घरमालकीण. साठीच्या, विधवा, नऊवारी नेसणाऱ्या, एका म्हशीच्या आणि परसातल्या भाज्यांच्या धनी. भाताची थोडी जमीन होती, वरची उताराची जमीन दिराने कधीच रिसॉर्टला विकली होती.

गाडीतून हार्प उतरवली तेव्हा मावशी तिच्याभोवती एक चक्कर मारून आल्या आणि एक तार बोटाने छेडून बघितली. मग म्हणाल्या, "पिंजारीण हाईस व्हय गं? माज्याकडं गाद्या न्हाईत भरायच्या."

कापूस पिंजणाऱ्याच्या धनुकलीला एकच तार असते, हिला चौतीस होत्या, पण आवाजाची जात मावशींनी बरोबर ओळखली होती. शिवाय पहिल्याच वाक्यात त्यांनी मला 'गं' म्हटलं. सोसायटीत मला सगळे मॅडम म्हणतात. मी तिथेच पाघळले.

आठवडाभराने, फेब्रुवारीत, त्या मला म्हणाल्या, चल, एक दावते. घरामागून चढ चढलो. करवंदीच्या जाळीखाली एक काळा खडक होता, अंगावर शेवाळ, एका बाजूला जुन्या शेंदराचा थर, त्यावर ताजं हळदकुंकू. खडकाच्या भेगेतून करंगळीएवढी पाण्याची धार येत होती आणि खालच्या दगडातल्या खळग्यात पडत होती. तिथून केळीच्या सोपटाची पन्हळ करून मावशींनी ते पाणी मिरच्यांच्या वाफ्यांत नेलं होतं. मिरच्या, वांगी, अळू, कडेला झेंडूची चार रोपं. म्हैसही तिथलंच पाणी प्यायची. त्या उन्हात ते हिरवं बघून मी चपला काढून ठेवल्या.

"हितं बस," मावशी म्हणाल्या. "वाजव, काय करायचं त्ये कर. पर कुनाला दावू नगंस. आन कुनाला सांगू बी नगंस."

मला वाटलं, देवाची जागा आहे, म्हणून. मी गळ्याला चिमूट लावून शपथ घेतली. मावशी हसल्या.

त्यानंतरचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे सांगायला मला आता लाज वाटते. पाणी खळग्यात पडताना जो सूर निघायचा तो पंचमाच्या किंचित वर होता, माझ्या कुठल्याच तारेशी न जुळणारा. मी अख्खी हार्प त्या सुरावर लावून घेतली. दोन दिवस लागले. मग पहिल्यांदा तार छेडली तेव्हा पाणी आणि तार यांतला फरक मला क्षणभर कळला नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मावशी शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लसनानं व्हतंय तसं."

मी वही ठेवली होती. झऱ्याचा स्वभाव त्यात लिहीत होते. सकाळी साडेसहाच्या सुमाराला तो जागा होतो. दिवसभर एका लयीत बोलतो. अंधार पडला की थेंबथेंब होतो, म्हणजे झोपतो. दुपारी त्याचं पाणी जरा कोमट लागतं, त्यालाही ऊन लागत असणार. आणि आठवड्यातून एक दिवस तो गप्प असतो. सकाळी थोडा वेळ वाहतो, मग धार बारीक होत होत बंद पडते, आणि संध्याकाळी परत येते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी धावत खाली गेले. मावशी तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, झरा थांबलाय!"

त्यांनी मान वर केली नाही. "आज गुरुवार न्हाई का? उपास असतोय त्येचा."

मी खोलीत गेले, हे वाक्य वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. खोलीतला पंखा बंद होता. मोबाइल चार्ज होत नव्हता. समोरची गिरणीही बंद होती. हे सगळं मी बघत होते, दर गुरुवारी बघत होते, आणि घाम पुसत पुसत झऱ्याच्या उपासावर लिहीत होते. माझ्या रचनेचा चौथा भाग मी त्या उपासावरच बांधला. त्यात पाणी थांबतं आणि मी दोन्ही तळवे तारांवर ठेवून दीड मिनिट गप्प बसते. माझ्या मते ती त्या रचनेतली सगळ्यात चांगली जागा होती. खरं सांगायचं तर अजूनही तीच आहे.

लाकडाची मोळी घेऊन जाणाऱ्या बायका वाटेवर थांबून माझ्याकडे बघायच्या, आपसात काही बोलायच्या आणि हसायच्या. मीही हसून हात हलवायचे. मला वाटायचं, गावाने मला आपलं म्हटलं.

मे महिन्यात रचना तयार झाली, आणि ती ऐकवायची कुठे हा प्रश्न उभा राहिला. पुण्यात दोन-तीन ठिकाणी विचारलं. एकांनी विचारलं, सोबत तबला आहे का? एकांनी विचारलं, नाच आहे का? तेवढ्यात वरच्या रिसॉर्टच्या मॅनेजरचा निरोप आला. धरणाकडे तोंड करून त्यांचं मोठं लॉन होतं, तिथे शुक्रवारी सूर्यास्ताला कार्यक्रम करा, पाहुण्यांना आवडेल. त्यांच्या दणदणाटाला मी तीन महिने शिव्या घातल्या होत्या. तरी मी हो म्हटलं. एकच अट घातली, वाजवताना खाणं वाढायचं नाही. त्यांनी ती मान्य केली आणि कार्यक्रम चालू असताना भाजलेली कणसं फिरवली.

निघायच्या आधी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाजव की. झाक वाजव. फकस्त हितलं तितं नगं सांगूस."

हे त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पहिले तीन भाग बरे गेले. झऱ्यापाशी करून ठेवलेलं पाण्याचं रेकॉर्डिंग स्पीकरवर चालू होतं, समोर खरं धरण होतं, सूर्य पलीकडच्या डोंगराला टेकला होता. लोकांनी कणसं हळू चावली एवढं तरी मान्य करते. पण चौथा भाग आला आणि मला भीती वाटली. इथे मी दीड मिनिट गप्प बसले तर हे टाळ्या वाजवतील, उठून जातील. म्हणून मी माइक घेतला.

मी म्हणाले, की इथून खाली, करवंदीच्या जाळीत, एक झरा आहे. आजूबाजूचं सगळं कोरडं पडलं तरी तो भर मे महिन्यात वाहतो. तो रात्री झोपतो आणि गुरुवारी उपास करतो. त्या दिवशी तो बोलत नाही, म्हणून मीही बोलणार नाही.

पुढच्या खुर्च्यांवरून शहरी पाहुण्यांचा "आहा" आला. मागून, जिथे वाढपाचं आणि बागेचं काम करणारी गावातली पोरं उभी होती, तिथून खो खो हसू फुटलं. एकाने दुसऱ्याच्या पाठीत थाप मारली. मी डोळे मिटून तारांवर तळवे ठेवले. मला वाटलं, आपल्या गावच्या झऱ्याचं कौतुक ऐकून पोरं खूश झाली.

पहिल्या रांगेत मॅनेजर बसला होता. तो हसला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर तो आला, छान झालं म्हणाला, आणि विचारलं, तो झरा नेमका कुठे आहे मॅडम? मी म्हणाले, सांगायचा नाही असं ठरलंय. मग तो म्हणाला, तुमची ही रचना खरं तर तिथेच ऐकायला हवी, मोजकी वीसेक माणसं, खडकासमोर बसून, आपण दर हिवाळ्यात करू. मला तर ते डोळ्यांसमोर दिसायला लागलं. सतरंज्या अंथरल्या आहेत, माणसं गप्प आहेत, कणसं नाहीत. मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी या, दाखवते.

त्या शनिवारी मी खोलीवरच थांबले होते, आणि सकाळी मावशी पौडला बाजाराला जाणार होत्या. मी ती वेळ मुद्दाम निवडली का, असं मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. निवडली होती.

मॅनेजर आला. खडक बघितला, शेंदूर बघितला, धारेखाली हात धरला. मग त्याने झऱ्याकडे पाठ केली आणि वर चढाकडे बघत राहिला.

"गुरुवारी बंद असतो म्हणालात?"

"हो."

"रात्रीपण?"

"रात्री झोपतो," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही. चिडलेला माणूस असं बघत नाही. दवाखान्यात बाहेर बसलेल्या नातेवाइकांकडे डॉक्टर असं बघतात.

"मॅडम, गुरुवारी इकडे लाइट नसते. आमचा पंप बंद असतो. रात्रीपण बंद ठेवतो."

धरणातून रिसॉर्टच्या टाकीत पाणी चढवणारा पाइप त्या उतारावरून, मातीखालून गेला होता. त्याने फोन केला, दोन माणसं कुदळ आणि पान्हे घेऊन आली. खडकाच्या वर दहा-बारा पावलांवर त्यांनी करवंदीच्या मुळाशी उकरलं, आणि हातभर मातीखाली पाइपाचा जोड निघाला. जोड सैल केलेला होता. पाणी फार उडू नये, नीट खाली भेगेतच उतरावं म्हणून त्याला हिरव्या लुगड्याची चिंधी चारपाच वेढे देऊन बांधली होती. ते लुगडं मी ओळखलं. माझ्या शेजारी लसूण सोलत बसताना मावशी तेच नेसायच्या.

त्यांनी जोड आवळला. खाली झऱ्याची धार बारीक झाली, मग तुटक झाली, मग थेंब, मग काही नाही. हा आवाज मी किती गुरुवार डोळे मिटून ऐकला होता. त्याच्यावर वही भरली होती.

माणसं गेल्यावर मी त्या खडकापाशी बसून होते. अंगाची नुसती लाही होत होती. काल मागे उभी असलेली पोरं का हसली ते आता कळलं. मोळीवाल्या बायका का हसायच्या तेही कळलं. अख्ख्या गावाला माहीत होतं, की भूगावची एक बाई येते, एवढं मोठं वाद्य छातीशी धरते आणि गळक्या पाइपासमोर बसून रडते. माझ्या आयुष्यातलं एकुलतं एक स्वतःचं काम, आणि ते एका ढिल्या जोडावर उभं होतं. सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की तिला माझं रडणं माहीत होतं. समोर बसून बघितलं होतं तिने.

दुपारी मावशी जीपमधून उतरल्या. हातात पिशवी, डोक्यावर पदर. मी वाटेतच त्यांना गाठलं.

"मावशी, तुम्ही मला फसवलंत."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग तशाच वर गेल्या. पिशवी खाली ठेवली. खळग्यात तळहात घातला. पाणी होतं, पण हलत नव्हतं. मग त्यांनी उकरलेली माती बघितली.

"कुनी दावलं?"

"ते राहू दे. मला खोटं का सांगितलंत? उपास काय, झोप काय! मला वेड्यात काढलंत तीन महिने. सगळा गाव हसत होता माझ्यावर."

"तू इचारलंस म्हून सांगितलं," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पायपाचं हाय म्हनलं आसतं, तर बसली आसतीस व्हय हितं?"

मी आणखी जोरात म्हणाले, की इथे झरा कधी नव्हताच, तुम्ही शेंदूर लावून नाटक केलंत.

तेव्हा मात्र त्या माझ्याकडे वळल्या. "शेंदूर माज्या सासूच्या सासूनं लावलाय. झरा व्हता हितं. ऐन उन्हाळ्यात आर्धा गाव हितनं पानी न्यायचा. मंग त्या रिसॉर्टवाल्यांनी वर चार बोर मारली. दुसऱ्याच साली ह्यो आटला. म्या गेलते सांगाया, तर गेटातनंच हाकललं मला. म्हनले, कागद दावा झऱ्याचा. झऱ्याचा कंचा कागद असतोय गं? मंग म्या आपला जोड ढिला केला. माजंच पानी म्या हितं आनलं. चोरी न्हाई केली."

त्या करवंदीच्या मुळांवरची माती हाताने परत सारखी करायला लागल्या. बराच वेळ तेच करत होत्या. मग पाठ न वळवता पुन्हा विचारलं, "कुनी दावलं त्येस्नी?"

"मी," मी म्हणाले.

त्यांचे हात थांबले. त्या उठल्या, गुडघ्यावरची माती झटकली आणि पिशवी उचलली. मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर मी परत भांडले असते.

"चला ताई," त्या म्हणाल्या. "च्या ठेवते. तुमाला बिनदुधाचा लागतोय ना?"

तीन महिने ती मला 'तू' म्हणत होती. त्या वाक्यानंतर कधीच म्हणाली नाही.

मी दुसऱ्या दिवशी हार्प गाडीत घालून भूगावला आले. पुढचे पंधरा दिवस मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. मैत्रिणींना, नवऱ्याला, खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्याला. गोष्टीत मी भोळी होते, गावची बाई बेरकी होती. गुरुवारच्या उपासाला सगळे हमखास हसायचे, आणि मीही हसायला शिकले. मॅनेजरला मी स्वतः तिथे नेलं हे मी गोष्टीत सांगत नव्हते. तो आपोआप तिथे पोचायचा. एके दिवशी नवऱ्याने भाजी चिरता चिरता विचारलं, "पण त्याला जागा सापडली कशी?" मी म्हटलं, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या बघ.

माझी फसवणूक झाली नाही असं मला म्हणायचं नाही. झाली. एवढंच, की ती मोजायला बसले की दरवेळी दुसरी एक फसवणूक समोर येऊन बसते, आणि ती माझ्या हातची असते. मावशींनी मला खोटं सांगितलं, पण रिकामा खडक दाखवून नाही, वाहतं पाणी देऊन सांगितलं. मी काय दिलं ते मला माहीत होतं.

मग मी मुळशीला गेले. खोलीत राहिलेलं स्टूल आणायचं निमित्त होतं. अंगणातूनच वरचे वाफे दिसत होते. मिरच्या माना टाकून उभ्या होत्या, अळूची पानं कडेने जळून कागदासारखी झाली होती. झेंडू गेला होता. पाइपाच्या जोडावर रिसॉर्टने सिमेंटची पेटी बांधून वर कुलूप घातलं होतं, ते उन्हात चमकत होतं. मावशी गावच्या नळावरून हंडा घेऊन येत होत्या. तो नळ एक दिवसाआड यायचा आणि खाली रस्त्याच्या पलीकडे होता. मला बघून त्यांनी हंडा पायरीवर ठेवला.

"या ताई. बसा."

मी माफी मागितली. ती कशी मागितली ते लिहिण्यासारखं नाही. माझं वाक्य मलाच कार्यक्रमाच्या निवेदनासारखं वाटत होतं. हंडा मी आणते म्हणाले तर म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, तुमचे हात वाजवायचे हायेत. मग मी पिशवीतून रेकॉर्डर काढला. झऱ्यापाशी वाजवलेली सगळी रचना पाण्यासकट त्यात होती. म्हटलं, मावशी, झरा आहे माझ्याकडे. ऐकता? त्यांच्या पदरावरून हेडफोन नीट बसवले, आवाज बारीक केला, आणि लावलं.

त्यांनी डोळे मिटले. मांडीवर हात उपडे ठेवून त्या सगळं ऐकत राहिल्या, पाणी, तारा, पुन्हा पाणी. मध्ये एकदा त्यांचा अंगठा हलला, वाफ्याला दारं धरताना पन्हळीचं तोंड फिरवतात तसा. चौथ्या भागात पाणी थांबलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि पाणी परत येईपर्यंत बघत राहिल्या. शेवटापर्यंत ऐकून त्यांनी हेडफोन काढले आणि पदराने पुसून माझ्या हातात दिले.

"लई ग्वाड वाजवलंय वो ताई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी हंडा उचलून कमरेवर घेतला आणि चढाकडे वळल्या. दोन पावलं गेल्यावर थांबल्या.

"ह्ये तुमचं पानी आता मिरच्यांस्नी कसं घालायचं, तेवडं सांगा."